नसीमबानोच्या कानातल्या सुया

"आधी खोकून घे, अम्मी. मंग बोल."

"खोकला बी माहा, दुकान बी माहं. तू कायले मधात बोलून राहिला?"

"डॉक्टरनं छातीचा फोटो दाखवला न तुले? अर्धी छाती रुईच्या धुळीनं गेली, अर्धी बीडीनं. दोन्हीतलं येक सोडा म्हणे. बीडी त तुले सुटत नाई. मंग दुकान सोड!"

"अन् तिथी तू काय लावशीन?"

"मोबाईलचे कूपन. ना धूळ, ना खोकला. येक टेबल टाकला की झालं."

"हिवाळ्यात लोकं काय कूपन पांघरून झोपतीन?"

समोर चहाच्या टपरीवर दोघंजण हसले. नईमचा आवाज चढला, तसा त्याच्या आईचा त्याहून चढला. या मन्सूरींच्या, म्हणजे पिंजाऱ्यांच्या, घरात बोलणं उर्दूत चालतं, भांडण मात्र वऱ्हाडीत. गल्लीला शब्द न् शब्द कळला पाहिजे, असा नसीमबानोचा आग्रह असतो. घरातल्या घरात भांडलेलं भांडण कोणी धरत नाही, म्हणते.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेचा पूल ओलांडून आत वळलं की भांड्यांच्या दुकानांच्या पुढं तिचं गाद्या-रजयांचं दुकान. दहा बाय बाराची जागा. मागं पिंजायचं मशीन, पुढं फरशीवर पसरलेली रजई आणि रजईच्या मधोमध मांडी घालून नसीमबानो. वय त्रेपन्न, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, हातात वीतभर लांब सुई. ही दोन हजार सहाच्या नोव्हेंबरातली गोष्ट. रजयांचे दिवस होते आणि तिला चार टाके घातले की थांबून श्वास गोळा करावा लागत होता.

सोळाव्या वर्षी ती अंजनगाव सुर्जीहून लग्न होऊन या घरात आली. तेव्हा मशीन नव्हतं. सासरा धनुष्यासारख्या धनुकलीच्या तारेवर रुई पिंजायचा. पिंजाऱ्यांचा एक नियम असतो, रुईच्या हातानं आगकाडी ओढायची नाही. बोटांना तंतू चिकटलेले असतात, भडका उडायला वेळ लागत नाही. म्हणून सासऱ्याला तलफ आली की तो मागच्या पायरीवर येऊन बसायचा आणि आवाज द्यायचा. स्वयंपाकघरातली सून चुलीवर बीडी पेटवून आणून द्यायची. पेटवायची म्हणजे दोन झुरके ओढल्याशिवाय बीडी पेट घेत नाही. दिवसाच्या पंधरा बीड्या, म्हणजे सुनेचे तीस झुरके. तीन महिन्यांत सासऱ्याच्या आवाजाआधीच ती चुलीजवळ बीडी घेऊन उभी राहायला लागली. पुढं सासरा गेला, चूल गेली, मशीन आलं. बीडी राहिली.

नवरा वाहेद गेला त्या वर्षी नईम पंधराचा होता. बिरादरीतली माणसं सांगायला आली की बाईनं दुकानात बसणं बरं दिसत नाही, जागा भाड्यानं द्या. नसीमबानोनं त्यांना चहा पाजला, शटर वर केलं आणि त्यांच्यासमोरच एका गिऱ्हाइकाची गादी भरायला घेतली. माणसं कप खाली ठेवून निघून गेली. नऊ वर्षं झाली त्याला.

पण यंदाची गोष्ट वेगळी होती. पूर्वी दिवाळीनंतर पातूरकडची, बार्शिटाकळीकडची माणसं आपल्याच वावरातल्या कापसाची रुई काढून आणायची, पोरीच्या लग्नाच्या दोन रजया अन् एक गादी भरून न्यायची. गेल्या तीन-चार सालांत ती रुई यायची थांबली. वेचला तेवढा कापूस बाजारात जायचा, घरात लग्नापुरताही उरायचा नाही. कैक लग्नंच पुढच्या सालावर गेली होती. माणसं आता आजीच्या वेळच्या रजया डोक्यावर घेऊन यायची आणि "हेच पिंजून नवं करून द्या बाई" म्हणायची. नसीमबानो करून द्यायची. जुन्या रजईत तीस वर्षांची धूळ असते. ती सगळी मशीनमधून उडून तिच्या छातीत जायची, आणि वरून बीडी.

तर भांडण सुरू होतं.

"किती वेळा सोडली तू बीडी?" नईम बोटं मोजायला लागला. "माह्या लग्नाच्या वेळी सोडली. आठ दिवस. मामूच्या कसमेवर सोडली. तीन दिवस. अन् रोज्यात? दिवसभर नाई ओढत, पण मगरिबची अजान झाली की खजुराच्या आधी बीडी!"

"अल्लाह पाहून घेईन. तू कोण हिशेब ठेवणारा?"

"मी तुहा पोरगा. जनाजा मलेच उचलायचा हाये."

दुकानाच्या आतल्या दारात उभी असलेली सून अनीसा पुटपुटली, "अजी, असं नका बोलू." नसीमबानोनं सुई रजईत खोचली.

"चाळीस दिवस," ती म्हणाली.

"काय चाळीस दिवस?"

"बाळंतिणीले चाळीस, मयतीले चाळीस, मन्नतीले चाळीस. मले बी चाळीस. चाळीस दिवसात येक झुरका घेतला त शटरची चावी तुही. लाव कूपन. नाई घेतला, त पुन्हा माह्या दुकानाचं नाव घ्यायचं नाई."

"घे, लिहून घे अनीसा!"

"लिहायचं कायले? गल्ली ऐकून राहिली न."

टपरीवरून आवाज आला, "ऐकलं, भाभी!"

पैज लावली खरी. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजेपर्यंत चौथा टाका दुसऱ्यांदा उसवला होता, आणि अनीसानं साखर कमी घातली म्हणून तिनं चहाचा कप मोरीत ओतला होता. त्याच संध्याकाळी तिला एक गादी पोचवायची होती. पुलाच्या अलीकडं, बाजारातल्या एका माडीवर दर बुधवारी अमरावतीहून एक तरुण डॉक्टरीण यायची, प्राजक्ता मॅडम. टोचून उपचार करायची. तिच्या तपासायच्या टेबलासाठी पातळ गादी सांगितली होती.

नसीमबानो माडी चढून धापा टाकत आत गेली आणि गादी खाली ठेवायची विसरली. समोर खुर्चीत एक धोतरवाले म्हातारे ताठ बसले होते. दोन्ही कानांत पाच-पाच सुया.

"या अल्लाह! भाऊ, तुमाले कोनं टोचलं हे?"

"घाबरू नका, बाई." म्हातारे मान न हलवता बोलले. "मी पातूरचा वामनराव. बीडी सोडून राहिलो. तिसऱ्यांदा."

"दुखते?"

"टोचताना मुंगी चावल्यावानी. फक्त हासवू नका. हासलं की हालतात."

"अन् सुटते का बीडी?"

"पहिल्या वेळी तेरा दिवस सुटली. दुसऱ्या वेळी वीस. मी चढून राहिलो पायऱ्या."

नसीमबानोला हसू आवरेना. वामनराव कळवळले, "हासवू नका म्हटलं न, माय!"

प्राजक्ता आतून हात पुसत आली. नसीमबानोनं गादी टेबलावर टाकली, चारी कोपरे ओढून बसवली, आणि मग त्याच टेबलावर स्वतः बसली.

"मले बी लाव."

"चाची, आधी ऐकून घ्या," प्राजक्ता म्हणाली. "सुई बीडी सोडवत नाही. सोडायची तुम्हीच. सुईनं काहींची तलफ थोडी हलकी होते, काहींना काहीच फरक पडत नाही. आणि छातीच्या डॉक्टरांची औषधं बंद करायची नाहीत."

"म्हणजे गॅरंटी नाई?"

"नाही."

"मंग लाव. गॅरंटीवाल्याची गादी दोन सालात बसते. मले माहीत हाये."

वीस मिनिटं ती कानांत सुया घेऊन वामनरावांच्या शेजारी बसली. नंतर प्राजक्तानं त्या काढल्या आणि प्रत्येक कानात टाचणीच्या डोक्याएवढ्या दोन बारक्या सुया बसवून वर गोल पट्टी चिकटवली. तलफ आली की पट्टीवर बोटानं दाबायचं, दर बुधवारी येऊन बदलून घ्यायच्या. "निघून पडली तर फेकून द्या," ती म्हणाली. "परत लावू नका."

नसीमबानोनं मान डोलावली. त्यातला 'फेकून द्या' हा भाग तिला पटला नव्हता, पण टेबल दुसऱ्याचं होतं.

गल्लीत बातमी तिच्या आधी पोचली. "रोज हजार टाके घालते, आता सोताच शिवून आली." "भाभी, दोरा कोणता लावला?" तिनं दोन्ही कान ओढणीच्या बाहेर काढले, मुद्दाम, आणि टपरीसमोरून सावकाश चालत गेली. "पाहून घ्या. तिकीट नाई लावलं."

पट्टी दाबल्यानं खरंच काही होत होतं, की बोटाला काम मिळत होतं, हे तिला कधी ठरवता आलं नाही. तलफ यायची ती पोटातून यायची. ती कान दाबायची, शंभरपर्यंत टाके मोजायची, पुन्हा दाबायची. पहिले दहा दिवस तिनं घरातल्या सगळ्यांना शिव्या घातल्या. अकराव्या दिवशी पहाटेच्या नमाजेला सजद्यातून उठताना खोकला आला नाही. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. नईमला तर नाहीच.

बाराव्या दिवशी मागच्या पायरीवर बीड्यांचा एक अख्खा कट्टा ठेवलेला दिसला. शेजारी आगपेटी. कोणी ठेवला ते विचारायची गरज नव्हती. नसीमबानोनं तो उचलला, वास घेतला, बराच वेळ घेतला. मग दुकानात जाऊन नईमची उशी उसवली, कट्टा कापसाच्या मधोमध घातला आणि बारीक टाक्यांनी उशी बंद केली. दोन दिवस नईम शिंकत उठत होता. तिसऱ्या दिवशी उशी घेऊन दुकानात आला.

"हे काय हाये, अम्मी?"

"तुहीच अमानत. सांभाळून ठेवली."

अनीसा तोंडावर पदर धरून आत पळाली. नईमलाही हसू आलं होतं, पण त्यानं ते गिळलं. "अठ्ठावीस दिवस बाकी हायेत," म्हणाला.

"पंचवीस. हिशेब ठेवायचा त नीट ठेव."

एकतिसाव्या दिवशी तिचा उजवा कान सुजून भज्यासारखा झाला. लाल, गरम, हात लावू देईना. चार दिवसांपूर्वी सकाळी उठल्यावर त्या कानातली एक सुई उशाशी सापडली होती. आता, गादीवाल्यांच्या घरात सुई कोणी फेकत नाही. हरवली तर अख्खी रजई उसवून शोधतात, कारण ती झोपणाऱ्याच्या अंगात जाईल. सापडलेली सुई म्हणजे वाचलेलं माणूस. नसीमबानोनं ती उचलली, सदतीस वर्षांच्या सवयीनं तेलकट केसांतून दोनदा फिरवली, म्हणजे सुई सरळ आणि गुळगुळीत जाते, आणि आरशात पाहून आपल्या हातानं कानात बसवली. रजईला ते तेल सोसतं, कानाला नाही.

नईमनं कान पाहिला आणि तो पेटला.

"चाल. आत्ताच्या आत्ता त्या माडीवर. आज बुधवार हाये. चार पोट्टे घेऊन येतो. तमाशा करतो तिचा!"

"कोणाचा?"

"त्या डॉक्टरणीचा! कान सडवला तिनं तुहा. पेपरात देतो."

"तिनं नाई सडवला. मी सडवला."

"तू काहून तिले वाचवून राहिली?"

"वाचवत नाई. सुई पडली, मी केसातून फिरवून पुन्हा टोचली. ते फेक म्हणे, मी नाई फेकली. माहा हात, माही चूक. दुसऱ्याच्या नावावर माही चूक मी चढवू देणार नाई. अन् तू येक पोट्टं बी नेलं तिकडं, त मी तुह्या त्या पोट्ट्यांसमोर हेच सांगीन. जोरात."

ती एकटीच गेली. प्राजक्तानं कान पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. नसीमबानोनं सगळं सांगितलं, केसाच्या तेलासकट. प्राजक्तानं बाहीनं डोळे टिपले.

"मी विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "तुम्ही सुईचं काम करता, हे माहीत होतं मला."

"तू सांगितलं होतं, बेटा. मी ऐकलं नाई. रडू नोको, पेशंट पाहून राहिले."

दोन्ही कानांतल्या सगळ्या सुया निघाल्या. कान धुतला, पट्टी बांधली, खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडून गोळ्या लिहून घेतल्या. कान बरा होईपर्यंत नवी सुई नाही, प्राजक्ता म्हणाली. खुर्चीत वामनराव बसलेच होते. "मग आता कशी काढता नऊ दिवस?" त्यांनी विचारलं. त्यांची तिसरी खेप सव्विसाव्या दिवशी एका तेरवीच्या मांडवात मोडली होती. कोणीतरी बीडी पुढं केली आणि त्या घरच्यांना नाही म्हणवलं नाही, असं ते म्हणाले.

"कशी म्हणजे? दिवस जातात तसे."

"सुया निघाल्या, पैज मोडली," घरी नईम म्हणाला.

"पैज बीडीची होती. सुयांची मी लावलीच नाई."

ते नऊ दिवस मात्र गेले नाहीत, तिनं एकेक ढकलले. बोट सवयीनं कानाकडं जायचं, पट्टीला लागलं की कळ मस्तकात जायची आणि हात परत यायचा. पस्तिसाव्या दिवशी बार्शिटाकळीची एक जुनी रजई पिंजायला आली. उघडली तर आत काळी झालेली रुई आणि उंदरांची घरं. मशीन चालू केलं आणि दुकानात धुकं झालं. नाकातोंडाला ओढणी बांधून तिनं दोन तास काम केलं. मग बाहेर मागच्या पायरीवर येऊन बसली. शेजारच्या भिंतीपलीकडून कोणाच्या तरी बीडीचा वास येत होता. ती उठली नाही, नाकही दाबलं नाही.

अनीसा पाणी घेऊन आली. खाली बसली. हळूच म्हणाली, "अम्मी, येक ओढून टाका. मी आणून देते. त्यांले नाई सांगणार मी. कसम."

"तू नाई सांगशीन."

"नाई."

"पण मी सांगीन न, व." नसीमबानोनं पाणी एका दमात पिऊन पेला परत दिला. "मले खोटं बोलता येत नाई. बोलले की खोकला येते."

मग तिनं बीडीला, बीडी बनवणाऱ्याला, तेंदूच्या पानाला आणि भिंतीपलीकडच्या त्या माणसाच्या सात पिढ्यांना मोठ्यानं शिव्या घातल्या. भिंतीपलीकडून वास यायचा थांबला.

चाळिसाव्या दिवशी दुपारी नईम हातगाडीवर एक बोर्ड घेऊन आला. पिवळ्यावर लाल अक्षरं, 'मोबाईल रिचार्ज व सिमकार्ड', कोपऱ्यात हसऱ्या बाईचं चित्र. बोर्ड त्यानं वीस दिवसांपूर्वीच रंगवायला टाकला होता आणि पेंटरनं आजच दिला. टपरीवरची माणसं उभी राहिली. कोणीतरी म्हणालं, "नईमभाई, आज नाई आणायचा होता राजा."

नसीमबानोनं रजईवरून नजर उचलली. बोर्ड पाहिला. बोटाच्या पेरानं वाजवला.

"प्लायवूड चांगलं हाये."

"अम्मी…"

"येक बी झुरका? सांग. गल्लीत कोणी पाहिला असन त बोलाव त्याले."

नईमनं गल्लीकडं पाहिलं. गल्ली त्याच्याकडं पाहत होती. त्यानं बोर्ड उलटा करून भिंतीला टेकवला आणि रजईच्या कडेला उकिडवा बसला. आवाज एकदम खाली आला, आणि भाषाही बदलली. दुकानात उभ्या असलेल्या अनीसाला तेव्हा कळलं की हे आता गल्लीसाठी नाही.

त्यानं उर्दूत सांगितलं की दुकान तिचं. जिंकली ती. तो कूपन कुठंही विकेल, स्टँडजवळ टेबल लावेल. दुकानाचं नाव पुन्हा काढणार नाही. "पण चाळीस आज संपले, अम्मी. कान उघडा आहे तुझा, सुया नाहीत, पैज नाही. सकाळी उठशील तेव्हा तुला अडवणारं काहीच नाही."

नसीमबानो रजईचा शेवटचा टाका घालत होती. तिनं गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. सुई मोजून डबीत ठेवली. रजईची घडी घातली, दोन्ही हातांनी दाबून वारा काढला आणि दोरीनं बांधली. नईम प्रत्येक हालचाल पाहत होता.

"मी दुकानासाठी नव्हतो भांडत," तो म्हणाला. "म्हणजे, दुकानासाठीही भांडत होतो. पण मले येक सांग. फक्त येकच." तो पुन्हा वऱ्हाडीत आला होता, पण आवाज वाढला नव्हता. "उद्या ओढशीन का?"

तिनं रजई डोक्यावर घेतली. गिऱ्हाईक पुलापलीकडं वाट पाहत होतं. चपला सरळ केल्या, एका हातानं गाठोडं सावरलं, पोराकडं एकदा पाहिलं, खोकला येईल असं काही बोलली नाही आणि दुकानाची पायरी उतरून गल्लीतून चालू लागली.